उभ्या गाडीचा ब्रेक

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी जन्मात जितक्या वेळा ब्रेक दाबलाय, तितक्या वेळा तो एखाद्या मुरलेल्या ड्रायव्हरनेही दाबला नसेल. तरीही अगदी आत्ताआत्तापर्यंत त्यांच्या पायाने एकही गाडी थांबलेली नव्हती. यात कोडं काही नाही. माझ्या थोरल्या दिरांचं, म्हणजे भावजींचं, ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे. खाली गॅरेज आणि वर आम्ही सगळे, असं आमचं घर. जुन्या ट्रकच्या ब्रेकच्या नळ्यांत तेल असतं. त्या तेलात कुठून तरी हवा शिरली की पेडल मऊ पडतं, पाय दाबावा तर नुसता खाली जातो आणि गाडी स्वतःच्या मर्जीने थांबते. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पाना घेऊन गाडीखाली आडवं व्हायचं, दुसऱ्याने वर सीटवर बसून पेडल दाबायचं. आमच्याकडे खाली भावजी असतात, वर जाऊबाई. आणि गाडी अर्थातच उभी असते.

लग्न होऊन आल्या तेव्हा हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. पहिल्याच आठवड्यात भावजींचा मदतनीस न सांगता पसार झाला, ट्रकचा मालक दारात ठाण मांडून बसला, आणि भावजींनी लाजत लाजत नव्या बायकोला विचारलं, की जरा वर चढून बसतेस का. त्या चढल्या त्या आजवर उतरल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल. त्या सीटवर बसून त्यांनी मटार सोलले, स्वेटर विणले, मुलीला घास भरवले. माझी पुतणी 'आई' म्हणायच्या आधी 'सोड' म्हणायला शिकली. कुणी काहीही हातात धरलेलं दिसलं की ती ओरडायची, आणि पाहुणे बिचारे कपबशी खाली ठेवायचे.

कारण दोघांचं कामातलं बोलणं चार शब्दांत आटपायचं. भावजी खालून म्हणायचे, "मार." जाऊबाई पेडल भराभर दाबायच्या. मग, "धर." त्या पेडल दाबून धरायच्या आणि वरून सांगायच्या, "धरलं." भावजी चाकामागचं हवा सोडायचं छोटं निपल पान्याने सैल करायचे, हवा आणि तेल फसफसून बाहेर यायचं, पेडल खाली जायचं. निपल परत आवळून झालं की म्हणायचे, "सोड." हा शेवटचा शब्द ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही. आधी उचलला तर निघालेली हवा पुन्हा आत ओढली जाते आणि सगळं मुसळ केरात. जाऊबाईंनी हा नियम असा पाळला, की एकदा भावजी निपल उघडून, समोर साप निघाला म्हणून गाडीखालून पळाले, तर परत येईपर्यंत ही बाई पाय तसाच दाबून बसलेली. साप बघायलासुद्धा वाकली नाही.

दोघांचं भांडण व्हायचं तेव्हा तर बघायला नको. आठवडा आठवडा अबोला, पण गॅरेजमधून मार, धर, धरलं, सोड चालूच. मी वर शिलाई मशीनवर बसून ऐकायचे. त्यातला 'सोड' कसा म्हटलाय त्यावरून मला कळायचं, की भांडण मिटत आलंय की नाही.

आणि त्यांचा पाय म्हणजे काय सांगू. नाव सांगायचं काम नव्हतं, चारी दिशांचे ड्रायव्हर 'वहिनींचा पाय' म्हणून ओळखायचे. त्या गाडीखाली कधी वाकल्या नाहीत, बॉनेट उघडून बघितलं नाही. नुसतं पेडल दाबायच्या, डोळे मिटायच्या आणि निकाल द्यायच्या. "उशी लागते" म्हणाल्या तर नळीत हवा आहे. "रबर लागतं" म्हणाल्या तर चाकाकडे जाणारा रबरी पाइप जुना होऊन दाबाने फुगतोय. "पाय बुडतो" म्हणाल्या तर वरच्या मास्टर सिलिंडरचे रबरी वायसर झिजलेत. आणि काम फत्ते झालं की एकच शब्द, "दगड." भावजी त्या शब्दासाठी जीव टाकायचे. जाऊबाई बाहेरगावी गेल्या असल्या तर ड्रायव्हर गाडी आत न घालताच दारातून मागे फिरायचे, आणि भावजी तोंड पाडून बसायचे. मला ते बघून फार गंमत वाटायची, लपवत नाही.

तर अशी ही बाई एके दिवशी चहा पिता पिता म्हणाली, की मला ट्रकचं लायसन्स काढायचंय.

भावजी हसले. नको तिथे हसण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. जाऊबाईंनी कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "इतकी वर्षं मी ब्रेक दाबतेय, पण माझ्या पायाने आजवर काहीसुद्धा थांबलेलं नाही. एकदा तरी काहीतरी चालत असताना दाबायचाय मला."

भावजींचं हसू जिथल्या तिथे विरलं. मला तर रडूच आलं होतं. बाईने एवढी साधी गोष्ट मागितली होती, आणि ती आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात कधी आली नव्हती.

शिकवणी सुरू झाली 'म्हाताऱ्या'वर. म्हातारा म्हणजे आमचा स्वतःचा ट्रक. कुणीतरी दुरुस्तीला टाकून गेलं ते परत आलंच नाही, शेवटी तो आमच्याच गळ्यात पडला. सुरू होताना खोकतो म्हणून म्हातारा. जाऊबाई क्लच शिकल्या, गिअर शिकल्या, रिव्हर्सही शिकल्या. फक्त ब्रेकचं घोडं अडलं, आणि तेही भावजींमुळे. शेजारी बसलेले भावजी एवढे घाबरलेले असायचे, की जाऊबाईंचा पाय पेडलकडे जातोय न जातोय तोच ते हँडब्रेक ओढायचे. गाडी थांबायची. जाऊबाई विचारायच्या, की ही मी थांबवली की तुम्ही. भावजी म्हणायचे, दोघांनी. हे उत्तर ऐकून जाऊबाईंच्या कानशिलावरची शीर कशी उडायची ते मी मागच्या हौद्यातून, काचेतून बघितलेलं आहे.

परीक्षेचा दिवस ठरला. तपासणी अधिकारी आमच्याकडच्या मैदानावर क्वचितच येतो, आणि जाऊबाईंच्या कच्च्या लायसन्सची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. हा दिवस हुकला तर सगळं पहिल्यापासून. ते आपल्याच्याने होणार नाही, हे जाऊबाईंनी आधीच सांगून टाकलं. धीर एकदाच पुरेल एवढाच गोळा झालाय, म्हणाल्या. आणि वर हेही, की लायसन्स मिळालं नाही तर उभ्या गाडीच्या ब्रेकवरही आपण यापुढे पाय ठेवणार नाही. म्हणजे बाईचं स्वप्न आणि भावजींचं गॅरेज, दोन्ही एकाच पेडलवर आलं.

आता भावजींना प्रेम व्यक्त करायचं म्हटलं की ते काहीतरी खोलून ठेवतात. त्यांनी ठरवलं, की परीक्षेआधी म्हाताऱ्याच्या पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक नव्यासारखे करायचे. चाकामागे तेलाच्या दाबाने ब्रेक ढकलणारा लोखंडी सिलिंडर असतो, ते दोन्ही काढले, घासूनपुसून नवे वायसर घातले. दिसायला दोन्ही जुळे, पण उजवा-डावा वेगळा, चपलांच्या जोडासारखा. आमच्याकडे असं सामान ठेवायची एक पद्धत आहे. शेडच्या दोन्ही भिंतींना फळ्या आहेत. गाडीच्या ज्या बाजूचं सामान, ते त्या बाजूच्या भिंतीवर. खूण करायची गरज नाही, लिहायची गरज नाही. इतक्या वर्षांत एक नट इकडचा तिकडे झालेला नाही, हे भावजी प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात.

मधेच दूधवाल्याची गाडी बंद पडून दारात आली. दूध नासायला लागलं होतं, त्यामुळे म्हाताऱ्याची चाकं तात्पुरती चढवली आणि गल्लीतल्या लोकांनी त्याला ढकलून बाहेर काढलं. दुधाची गाडी मार्गी लागली. म्हाताऱ्याला परत आत ढकलताना मात्र जाऊबाई आडव्या आल्या. दरवेळी तोंड आत करून उभा करता, म्हणाल्या, या वेळी पाठीकडून आत घ्या, म्हणजे परीक्षेच्या दिवशी मला सुरू करून सरळ बाहेर पडता येईल, गल्लीसमोर मागेपुढे करत बसायला नको. गल्लीतल्या लोकांनी कुरकुर केली, पण ढकललं. म्हातारा पहिल्यांदाच रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. भावजींनी सिलिंडर बसवले, तेल भरलं आणि हात धुऊन जेवायला आले.

परीक्षा दुपारी होती. सकाळी हवा काढायला दोघं बसले, आणि मी खिडकीतून ऐकत होते. मार. धर. धरलं. सोड. चारही चाकं झाली. मग जाऊबाईंचा आवाज आला, "उशी."

भावजींनी परत केलं. आधी लांबची मागची चाकं, मग जवळची पुढची, नियमाप्रमाणे. परत उशी. तिसऱ्यांदा केलं तेव्हा मला राहवलं नाही आणि मी खाली गेले. आमच्या शेडचा जिना मागच्या भिंतीशी उतरतो. खाली पाय टेकते तोच माझं कपाळ म्हाताऱ्याच्या मागच्या फळीवर आपटलं. इतकी वर्षं तिथे गाड्यांचं तोंड असायचं, त्या दिवशी ढुंगण होतं. मी चार शब्द सुनावले, पण कुणाचंच लक्ष नव्हतं.

भावजी घामाघूम. त्यांनी सगळ्या नळ्यांवरून कापड फिरवून बघितलं, कुठेही तेलाचा थेंब नाही. ब्रेकच्या तेलाची डबी काठोकाठ. जाऊबाईंना पेडल दाबून धरायला सांगितलं, ते हळूहळू खाली जातं का बघायला. नाही गेलं, म्हणजे मास्टर सिलिंडर शाबूत. मग मला पुढच्या चाकाजवळचा रबरी पाइप मुठीत धरायला लावला आणि जाऊबाईंनी पेडल दाबलं. फुगला तर सांग, म्हणाले. मी डोळे घट्ट मिटून धरला, जसा काही तो मला चावणार होता. फुगला नाही. जाऊबाई वरून म्हणाल्या, की फुगत असता तर मीच सांगितलं असतं, उगाच तिला कशाला गाडीखाली घालता.

मग भावजींनी शहाणपणाची गोष्ट केली. पुढच्या चाकांकडे जाणारे दोन्ही रबरी पाइप शिकंज्याने चिमटले, म्हणजे पुढची चाकं बादच झाली. जाऊबाईंनी पेडल दाबलं आणि म्हणाल्या, "दगड." आम्ही तिघंही हरखलो. म्हणजे मागे सगळं ठीक, घोटाळा पुढे आहे. एक शिकंजा सोडला, उशी. तो लावून दुसरा सोडला, तीही उशी. दोन्ही चाकांत हवा, आणि दोन्हीकडे अगदी सारखी.

इथे भावजी वैतागले. जमिनीवर पालथे पडून म्हणाले, की दोन चाकं एकाच वेळी आजारी कशी पडतील, काही साथ आलीय का. त्यात आज सकाळपासून त्यांचा हातच जागेवर पडत नव्हता. निपल म्हणजे त्यांना डोळे झाकून सापडणारी वस्तू, हात वर गेला की बोटाला लागायचं. आज हात वर जायचा आणि तिथे काहीच नसायचं, चाचपडत खाली यावं लागायचं. त्याचा दोष त्यांनी आधी नव्या जॅकला दिला, मग स्वतःच्या खांद्याला, मग वयाला, आणि शेवटी मला, कारण मी उजेड अडवत होते.

मी चांगलं खरमरीत उत्तर देणार होते. तेवढ्यात माझं लक्ष वर गेलं. जाऊबाई स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होत्या. परीक्षा हातची जात होती आणि या बाईच्या चेहऱ्यावर हसू. मला वाटलं, ताणाने डोक्यावर परिणाम झाला.

मी विचारलं, की काय बघताय. त्या म्हणाल्या, "रस्ता. सकाळपासून तोच बघतेय. इतकी वर्षं या सीटवरून मला मागची भिंत दिसायची, पोपडे सुटलेली. आज पहिल्यांदा रस्ता दिसतोय."

आणि मग त्यांचं हसू थांबलं. त्यांनी डावीकडच्या भिंतीकडे बघितलं. उजवीकडच्या भिंतीकडे बघितलं. परत रस्त्याकडे बघितलं. आणि जे मी लग्न होऊन आल्यापासून बघितलं नव्हतं ते झालं. हवा काढण्याचं काम अर्धवट असताना जाऊबाई सीटवरून खाली उतरल्या. चाकाशी उकिडव्या बसल्या, मान वाकडी करून आत बघितलं आणि भावजींना विचारलं, "अहो, हवा वर जाते की खाली?"

भावजी म्हणाले, वर, हा काय प्रश्न झाला.

"मग तुमचं निपल तळाला काय करतंय?"

भावजींनी गाडीखालूनच मान वळवून निपलकडे बघितलं, मग एका भिंतीकडे, मग दुसऱ्या. भिंतीवर ठेवलेलं सामान जागेवरच होतं, एक नट इकडचा तिकडे झाला नव्हता. गाडीच मात्र उलटी फिरली होती. भावजींनी सवयीने या भिंतीवरचं सामान या चाकाला आणि त्या भिंतीवरचं त्या चाकाला बसवलं होतं. उजवा सिलिंडर डावीकडे, डावा उजवीकडे. त्यामुळे जे निपल सगळ्यांत वर असायला हवं ते गेलं होतं तळाला. भावजी सकाळपासून तळातून तेल काढत होते, आणि हवा वर आरामात बसून त्यांची मजा बघत होती.

आधी मला हसू फुटलं. मग जाऊबाईंना. भावजी गाडीखालून बाहेर आले, तोंड काळं, केसांत तेल, आणि गंभीरपणे म्हणाले, की गाडी उलटी लावायचा हट्ट कुणाचा होता. जाऊबाई म्हणाल्या, की माझा, आणि डोळे मिटून बसवायचा हट्ट कुणाचा होता. मग तेही हसायला लागले. आम्ही तिघं त्या तेलकट जमिनीवर बसून पोट धरून हसत होतो. शेजारचा शिंपी डोकावला आणि काही न विचारता परत गेला. कुणीतरी थांबायला हवं होतं, पण एक थांबलं की दुसऱ्याला नव्याने उबळ यायची.

मग घड्याळाकडे लक्ष गेलं आणि धांदल उडाली. चाकं उतरली, ड्रम निघाले, सिलिंडर इकडचे तिकडे गेले. मी नट उचलून देत होते आणि नको तो देत होते. माझी नेमणूक शेवटी बाटली धरण्यावर झाली. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक तेलाच्या बाटलीत बुडवतात, म्हणजे निघालेली हवा दिसते. मार. धर. धरलं. बाटलीत बुडबुडे उसळले, मोठाले, एकामागून एक. मी एवढ्या आनंदाने ओरडले, की जाऊबाई वर दचकल्या. पण पाय नाही हलला. सोड. परत. बुडबुडे बारीक झाले, मग मोहरीएवढे, मग नुसतं तेल. दुसरं चाकही तसंच झालं.

जाऊबाईंनी पेडल दाबलं, डोळे मिटले. भावजी गाडीखाली श्वास रोखून. मी बाटली छातीशी धरून.

"दगड," जाऊबाई म्हणाल्या.

आम्ही तसेच निघालो. भावजींना तोंड धुवायलाही सवड मिळाली नाही. जाऊबाईंनी म्हातारा सुरू केला, तो खोकला, आणि सरळ एका दमात बाहेर पडला. आधी गल्लीतच हळूहळू चालवून भावजींनी ब्रेक तपासायला लावले, आणि हो, प्रत्येक वेळी हँडब्रेक ओढला. मैदानापर्यंतच्या प्रत्येक थांब्याला दोघांनी मिळूनच गाडी थांबवली. जाऊबाईंनी एका शब्दाने तक्रार केली नाही. मैदानावर भावजींना गाडीत बसता येणार नव्हतं, हे जाऊबाईंना माहीत होतं.

अधिकारी जाडजूड, गळ्यात शिट्टी, हातात फाइल. त्याने म्हाताऱ्याभोवती एक चक्कर मारली, नाक मुरडलं, मग वर चढून स्वतः पेडल दाबून बघितलं. त्याच्या भुवया वर गेल्या. एवढ्या जुन्या गाडीत एवढं कडक पेडल त्याला अपेक्षित नसावं. भावजींनी माझा दंड असा आवळला, की बोटांचे तेलकट ठसे अजून त्या ड्रेसवरून गेलेले नाहीत.

अधिकाऱ्याला शेजारी बसवून जाऊबाईंनी आठाचा आकडा काढला. रिव्हर्स घेतला. भावजी कडेला उभे राहून हवेत क्लच दाबत होते. मग अधिकाऱ्याने काय सांगितलं ते आम्हाला नंतर कळलं. वेगात सरळ न्या, मी शिट्टी वाजवली की जागच्या जागी थांबवा, आणि मग लगेच पुढे घ्या.

म्हातारा मैदानाच्या मधोमध धावत आला. शिट्टी वाजली. आणि म्हातारा थांबला. असा थांबला, की फाइलमधले कागद उडून काचेला चिकटले. न घसरता, न वळता, एका ठिकाणी. धूळ पुढे गेली, गाडी मागे राहिली. आणि त्या धुळीतून, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा जाऊबाईंचा आवाज आला, "धरलं."

मी टाळ्या वाजवल्या. भावजी नुसते उभे. कडेचे लोक पुढची हालचाल बघायला सरसावले. पण पुढची हालचाल काही होईना. अधिकाऱ्याने हाताने पुढे चला अशी खूण केली. म्हातारा जागेवर. त्याने परत खूण केली, तोंडानेही काही म्हणाला असावा. जाऊबाई सरळ समोर बघत बसलेल्या, पाठ ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर. अधिकारी त्यांच्या पायाकडे वाकून बघायला लागला. एवढं सगळं होऊन बाई ऐन वेळी गोठली, असं मला वाटलं.

भावजींना मात्र तसं वाटलं नाही. त्यांना कळलं. त्यांनी दोन्ही तळहात तोंडाभोवती धरले आणि गॅरेजमध्ये ओरडतात तसे ओरडले.

"सोड!"

म्हातारा लगेच निघाला. गिअर बदलत, खोकत, शहाण्या मुलासारखा मैदानाला वळसा घालून आमच्यासमोर येऊन उभा राहिला. अधिकारी खाली उतरला. आधी त्याने भावजींकडे बघितलं, त्यांच्या काळ्या तोंडाकडे, तेलकट केसांकडे, आणि जाऊबाईंना विचारलं, की हे कोण.

"आमचे मिस्टर," जाऊबाई म्हणाल्या. "ते गाडीखाली असतात."

अधिकाऱ्याने पुन्हा एकदा भावजींना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. त्याने फाइलमध्ये सही केली आणि म्हणाला, की बाई, पन्नास जणांना मी थांबताना बघतो, पण असं थांबलेलं अजून कुणाला बघितलं नाही. फक्त पुढच्या वेळी स्वतःच्या मनाने निघा. जाऊबाईंनी मान हलवली. पास झाल्या होत्या.

परत येताना मी मधे बसले, भावजी दाराशी. तिघांच्याही तोंडावरचं हसू जाईना. आमची गल्ली आली, गॅरेजचं उघडं दार आलं, आणि जाऊबाईंनी हॉर्न वाजवून ते मागे टाकलं. भावजी म्हणाले, अगं, घर गेलं. त्या म्हणाल्या, दिसलं मला.

त्यांनी गाडी घातली ती थेट टेकडीच्या रस्त्याला. तो चढ म्हणजे चढच, आणि पलीकडे लगेच तसाच उतार, खाली नदीपर्यंत. आमच्याकडे येणारे निम्मे ट्रक ब्रेक घालवतात ते याच उतारावर. जाऊबाईंनी ते सगळे ब्रेक दाबले होते, पण हा उतार त्यांनी बघितला नव्हता. म्हातारा वर पोचला, नाक खाली करून उताराला लागला, आणि वेग घ्यायला लागला. भावजींचा हात माझ्या गुडघ्याजवळच्या हँडब्रेककडे निघाला. मी तो वरच्यावर पकडला आणि माझ्या मांडीवर घट्ट दाबून ठेवला. मोठ्या दिरांचा हात असा धरायचा प्रसंग माझ्यावर पूर्वी कधी आला नव्हता. जोर केला त्यांनी थोडा, मग सोडून दिला.

जाऊबाईंनी ब्रेक दाबला. एवढी मोठी गाडी, आम्ही तिघं, मागचा सगळा लोखंडी पसारा, खाली नदी, आणि सगळं त्यांच्या एका पायाखाली थांबलं.

"धरलं," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या.

आता पुढचा शब्द भावजींचा होता. मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर उताराकडे बघत होते, तोंडावरच्या काजळीतून पाण्याचे दोन ओघळ सरळ हनुवटीपर्यंत आले होते, आणि ओठ हलत होते पण शब्द निघत नव्हता. जाऊबाई वाट बघत होत्या. त्यांना घाई नव्हती, अंधार पडेपर्यंतही त्यांनी पाय उचलला नसता. मागून कुणीतरी हॉर्न मारायला लागलं.

मग माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच तो शब्द मी म्हटला. "जाऊबाई," म्हटलं, "सोडा."